जनसंपर्काचा पेपर बदलताना

फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं जनसंपर्क शिकवते. जुना पेपर असा होता: पहिल्या घटकात व्याख्या आणि इतिहास, दुसऱ्यात जनसंपर्काची साधनं, तिसऱ्यात सरकारी आणि खाजगी क्षेत्रातला जनसंपर्क, शेवटी कायदा आणि आचारसंहिता. साधनांच्या यादीत प्रसिद्धिपत्रक, पत्रकार परिषद, गृहपत्रिका (संस्थेचं अंतर्गत नियतकालिक), प्रदर्शन, माहितीपट. सगळ्यात खाली ‘नवमाध्यमे’ हा एक शब्द आणि त्याच्यासमोर दोन तास. मुलं अभ्यास करायची, चांगल्या गुणांनी पास व्हायची. आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात जे काम टेबलावर येऊन पडायचं, त्यातलं जवळजवळ काहीच त्यांनी वर्गात कधी केलेलं नसायचं.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पदवी आराखडा गोव्यात २०२३-२४ पासून लागू झाला आणि सगळ्याच विषयांचे पेपर नव्याने लिहायची वेळ आली. जनसंपर्काच्या पेपरसाठी बोर्ड ऑफ स्टडीजने, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने, एक छोटी उपसमिती केली, त्यात मी होते. त्या कामात काय ठरलं, कशावर भांडणं झाली आणि वर्गात गेल्यावर काय झालं ते इथे लिहिते आहे. महाराष्ट्रातले कितीतरी शिक्षक सध्या याच कामात आहेत. त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर मला फार आनंद होईल.

सुरुवात आम्ही माजी विद्यार्थ्यांपासून केली. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात काम करणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही प्रेसनोट शिकवलीत, ती मी वर्षातून चारदा लिहिते. रोज सकाळी मात्र पाहुण्यांच्या ऑनलाइन तक्रारींना उत्तरं लिहायची असतात. त्यात किती कबूल करायचं, कुठे थांबायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.” वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत असलेल्या मुलाचं दुखणं वेगळं होतं. त्याचा सगळा जनसंपर्क कंपनीच्या आत होता. कामगार कर्नाटक, ओडिशा, बिहारपासून आलेले. पाळीची वेळ बदलली की सूचनाफलकावर कागद लागायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन अफवा फिरून यायच्या. मुंबईच्या एका एजन्सीत गेलेल्या मुलाला दर सोमवारी ग्राहकासाठी कव्हरेजचा अहवाल एक्सेलमध्ये तयार करावा लागे, आणि एक्सेल आमच्या पेपरच्या जवळपासही नव्हतं. सरकारी कार्यालयात कंत्राटावर लागलेल्या मुलीने सांगितलं की इंग्रजी प्रेसनोट हातात येते संध्याकाळी, आणि तिची मराठी आणि कोकणी तिलाच तासाभरात करून द्यायची असते.

मग आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेलो, म्हणजे ज्यांच्याकडे या प्रेसनोटा येऊन पडतात त्यांच्याकडे. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या वृत्तकक्षातले उपसंपादक जे बोलले ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं: “तुमच्या मुलांना एवढंच शिकवा. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सन्माननीय पाहुणे, सूत्रसंचालक यांची नावं शेवटी टाका. काय झालं आणि लोकांना त्याचं काय, ते पहिल्या ओळीत सांगा. चांगली मराठी नोट आली तर मी तशीच लावतो. वाईट आली तर ती दुरुस्त करायला माझ्याकडे माणूस नाही.” एका अख्ख्या घटकाचा आशय त्या माणसाने पाच वाक्यांत सांगितला, असं मला आजही वाटतं.

एवढं ऐकल्यावर पहिला मसुदा लिहायला बसलो तेव्हा समितीतल्या तरुण सहकाऱ्यांचा ओढा स्वाभाविकपणे नव्या गोष्टींकडे होता. इन्स्टाग्राम, लिंक्डइन, सोशल मीडियावर लोक काय बोलतात ते टिपणारी सॉफ्टवेअरं, रील, पॉडकास्ट, चॅटजीपीटी, एकेक नाव घटकात चढू लागलं. संदर्भासाठी दुसऱ्या एका ठिकाणचा काही वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम आमच्यासमोर होता. त्यात टिकटॉकवर तीन तास होते. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली, पण तिथला घटक छापील स्वरूपात तसाच होता. ट्विटरचं नाव जुलै २०२३ मध्ये एक्स झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद पडलं. पेपरचा मसुदा समितीत, मग बोर्डात, मग अ‍ॅकॅडमिक कौन्सिलमध्ये जातो. मंजूर झाला की तो पहिल्या तुकडीला लागू होतो आणि ती तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत आणखी वर्षं जातात. एवढ्या मोठ्या वळणाच्या वाटेवर साधनाचं नाव टिकत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की मंजुरीला जाणाऱ्या कागदावर साधनांची नावं लिहायची नाहीत, काम लिहायचं. घटकांची शीर्षकंच बदलली: ऐकणं, लिहिणं, मोजणं, कायद्याने आणि नीतीने वागणं, संकटात बोलणं. कोणत्या साधनाने हे करायचं ते एका वेगळ्या कृतिपत्रिकेत. ही कृतिपत्रिका शिक्षकाने दर सत्राआधी नव्याने लिहायची. तिला वरून मंजुरी लागत नाही, विभागाची बैठक पुरते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि त्यावर वादही सर्वांत जास्त झाला. ‘सोशल मीडिया’ हा शब्द शीर्षकात नसेल तर मुलांना पेपर जुनाट वाटेल, असं काहींचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे. मुलं पेपर निवडतात तेव्हा शीर्षकच वाचतात. शेवटी पेपरच्या नावात ‘डिजिटल’ शब्द आला आणि घटक आम्हाला हवे तसे राहिले.

इतिहासावर खरी लढाई झाली. आमच्या समितीत एक ज्येष्ठ सर होते, निवृत्तीला आलेले. इतिहासाचे बारा तास पाचावर आणायचे म्हटल्यावर ते दुखावले. त्यांच्या बोलण्यात मला पूर्ण अर्थ दिसत होता. अमेरिकेतला सुरुवातीचा जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली, त्याने १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने वृत्तपत्रांना तत्त्वांची जाहीर घोषणा पाठवली, आम्ही उघडपणे आणि अचूक माहिती देऊ, असं लिहून दिलं. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला, ५० हून जास्त माणसं गेली, तेव्हा त्याने रेल्वे कंपनीला लपवाछपवी करू दिली नाही, बातमीदारांना घटनास्थळी नेलं. “हे न शिकवता तुम्ही संकटकाळचा जनसंपर्क कसा शिकवणार?” असं सर विचारत होते. आणि एडवर्ड बर्नेज. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत काही तरुणी सिगारेट ओढत चालल्या आणि ती स्त्रीस्वातंत्र्याची उत्स्फूर्त बातमी म्हणून छापून आली. मागे सिगारेट कंपनीचे पैसे होते आणि योजना बर्नेजची होती.

सरांना मी म्हटलं, “सर, हे काढायचं नाहीच. पण इतिहासाच्या घटकात ठेवलं तर मुलं पाठ करतात आणि विसरतात. बर्नेज आपण नीतीच्या घटकात घालू, इन्फ्लुएन्सरांच्या शेजारी.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच वही उघडून नवी मांडणी लिहायला लागले. आयव्ही ली संकटाच्या घटकात गेला. ग्रुनिग आणि हंट यांची १९८४ ची जनसंपर्काची चार प्रारूपं, एकतर्फी प्रसिद्धीपासून दुहेरी संवादापर्यंतची, ऐकण्याच्या घटकात आली. कागदावर इतिहास पाच तासांचा दिसतो, पण आज तो पूर्वीपेक्षा जास्त शिकवला जातो, असं मी खात्रीने सांगते.

बर्नेजच्या शेजारी इन्फ्लुएन्सर का, ते गोव्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. इथे फुकट मुक्काम, फुकट जेवण, फुकट क्रूझ आणि बदल्यात एक रील, हा रोजचा व्यवहार आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआयने मे २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम घातले. त्यानुसार पैसे घेतले नसले तरी फुकटचा मुक्काम हाही आर्थिक हितसंबंध धरला जातो आणि तो पोस्टमध्येच स्पष्ट दिसेल असा सांगावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गात अर्ध्या मुलांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यातले दोघे-तिघे अशा रील करून खिशाला हातभार लावत होते. त्या दिवशीचा तास घंटा झाल्यावरही चालू राहिला.

कायद्याच्या भागात जुन्या पेपरमध्ये भारतीय दंडविधानाची कलमं ४९९ आणि ५०० छापलेली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि अब्रुनुकसानी कलम ३५६ मध्ये गेली. म्हणून इथेही आम्ही कलमांचे आकडे कृतिपत्रिकेत टाकले, मंजूर कागदावर ‘अब्रुनुकसानीसंबंधीचा प्रचलित कायदा’ एवढंच ठेवलं. वैयक्तिक माहितीबाबतही तेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मधला, पण त्याचे नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. पत्रकारांचे मोबाइल नंबर, पाहुण्यांचे ईमेल, कार्यक्रमाला आलेल्यांची यादी, जनसंपर्कातल्या माणसाकडे हा माल नेहमीच असतो, आणि एका एजन्सीकडून दुसरीकडे तो सहज फिरतो. नियम आले तेव्हा आम्हाला एकाही सभेपुढे जावं लागलं नाही. विभागाच्या बैठकीत कृतिपत्रिकेचं एक पान बदललं आणि पुढच्या आठवड्यात ते वर्गात गेलं.

मोजण्याच्या घटकाबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण आपल्याकडे याबाबत फार गोंधळ आहे. अजूनही कितीतरी ठिकाणी बातमी किती सेंटिमीटर बाय किती कॉलम आली ते मोजतात, त्याला त्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीच्या दराने गुणतात, आणि बातमीवर लोकांचा जास्त विश्वास असतो म्हणून पुन्हा तीनने गुणतात. शेवटी येणारा रुपयांचा आकडा साहेबांना आवडतो. या पद्धतीला धंद्यात एव्हीई म्हणतात. २०१० मध्ये बार्सिलोनात जगभरच्या मापन करणाऱ्या लोकांनी एकत्र बसून सात तत्त्वं मांडली आणि एव्हीई हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं स्पष्ट लिहिलं. ती तत्त्वं पुढे २०१५, २०२० आणि २०२५ मध्ये सुधारली गेली. आमच्या जुन्या पेपरात त्यांचा उल्लेखही नव्हता, उलट प्रात्यक्षिकात मुलं फूटपट्टी घेऊन कात्रणं मोजायची.

हे बदलायला आम्ही डेंग्यूचं उदाहरण घेतलं. पावसाळ्यात गोव्यात दर वर्षी तो विषय असतोच. समजा, एका नगरपालिकेने जनजागृती केली. किती पोस्ट टाकल्या, किती पत्रकं वाटली, हा एक थर. किती लोकांच्या नजरेस पडलं, किती लोकांना त्यातलं काय आठवतं, हा दुसरा. आणि किती घरांनी टायर, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या यातलं पाणी ओतून टाकलं, हा तिसरा. तिसरा थर मोजायला दारोदार जावं लागतं, म्हणून तो कोणी मोजत नाही. आमची मुलं आपापल्या वाड्यावर गेली. मोहिमेआधी ठरावीक घरं पाहिली, नंतर तीच घरं पुन्हा पाहिली. सांख्यिकीच्या शिक्षकांनी त्यांना दोन तास दिले: नमुना कसा निवडायचा आणि थोड्या घरांवरून गावाबद्दल काय म्हणता येत नाही. ज्या मुलाला गणिताची धास्ती होती त्याने सर्वांत नेटका अहवाल दिला, कारण घरं त्याची ओळखीची होती आणि आकड्यामागे काय आहे हे त्याला दिसत होतं.

भाषेचा प्रश्न गोव्याइतका दुसरीकडे क्वचितच असेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामासाठी वापर करता येतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्यात सकाळी मराठी दैनिक वाचणारी घरं भरपूर. सासष्टीत रोमी (रोमन लिपीतली) कोकणी आणि इंग्रजी. अशा राज्यात जनसंपर्काची प्रात्यक्षिकं फक्त इंग्रजीत होत होती. आम्ही प्रस्ताव दिला की प्रत्येक मुलाच्या कामाच्या संचात किमान दोन भाषांमधलं लिखाण हवं, आणि एकाच मजकुराचं भाषांतर चालणार नाही. त्याच घटनेवर दोन भाषांच्या वाचकांसाठी दोन वेगळ्या नोटा हव्यात. बोर्डात प्रश्न आला: तपासणार कोण? प्रश्न रास्त होता. ज्या शिक्षकाला मराठी येते त्याला रोमी वाचता येईलच असं नाही. मग भाषा विभागांतल्या सहकाऱ्यांना सहपरीक्षक म्हणून घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी गुणांची तक्ताबद्ध निकषपत्रिका तयार केली. ही पत्रिका लिहायला प्रत्यक्ष पेपर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

कृत्रिम बुद्धिमत्तेला स्वतंत्र घटक द्यावा की नाही, यावर मतभेद होते. मी विरोधात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात मुलं ते वापरायला लागलीही. वेगळ्या घटकात टाकलं की ते कुतूहलाची वस्तू होऊन बसेल असं मला वाटत होतं. आम्ही ते लिहिण्याच्या घटकात घेतलं. कृती अशी: इंग्रजी सरकारी नोट यंत्राला द्यायची, मराठी मसुदा घ्यायचा आणि लाल पेन घेऊन बसायचं. पहिल्याच वेळी साखळी आणि डिचोली या गावांच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगवरून केलेली अशी रूपं आली की वर्ग हसत सुटला. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. एका मसुद्यात अधिकाऱ्याच्या तोंडी दोन वाक्यं होती जी मूळ नोटेत कुठेच नव्हती. वाक्यं सुबक होती, अवतरणचिन्हात होती, आणि घाईत असलेल्या वृत्तकक्षाने ती तशीच छापली असती. मुलांनी ती शोधून काढली, कारण दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचायची सक्ती होती. आता हा नियमच आहे: यंत्राची मदत घेतली तर कळवायचं, आणि प्रत्येक नाव, आकडा, अवतरण कुठून आलं ते समासात लिहायचं.

ऐकण्याच्या घटकावर माझा सर्वांत जास्त जीव आहे. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरतात आणि जोरात होतात. प्रत्येक मुलाने एका ग्रामसभेला किंवा जनसुनावणीला बसायचं, एक शब्दही बोलायचा नाही, आणि ऐकण्याचा अहवाल लिहायचा. कोण उठलं, कोणत्या भाषेत बोललं, कोणता प्रश्न पुन्हापुन्हा आला, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. त्याआधी वर्गात २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना वाचायची: जनसुनावणीसाठी किमान ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. जनसंपर्काच्या कोणत्याही इंग्रजी क्रमिक पुस्तकात मला हे सापडलं नाही, आणि भारतातल्या कोणत्याही खाण, बंदर किंवा कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचं काम याच्याशिवाय चालत नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका गावात गेलेल्या दोन मुलींचा अहवाल मी दर वर्षी वाचून दाखवणार आहे. खाण पट्ट्यातलं गाव. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांची घरं बसली. त्या घरांतली मुलं माझ्या वर्गात होती. आता पुन्हा खाणकामाची चर्चा, आणि एका कंपनीने गावात गुळगुळीत कागदावरचं इंग्रजी पत्रक वाटलेलं. पत्रकात किती रोजगार, किती झाडं, किती निधी. सभेत लोक उठून विचारत होते: ट्रक शाळेच्या वेळेत धावणार का, रस्त्यावर पाणी कोण मारणार, विहिरीची पातळी गेली तर टँकर कोण देणार. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “आमकां कोणें विचारलें?” मुलींनी दोन रकाने पाडले. डावीकडे पत्रकातले मुद्दे, उजवीकडे सभेतले प्रश्न. एकही ओळ समोरासमोर जुळली नाही. ग्रुनिगचं दुहेरी संवादाचं प्रारूप मी एरवी फळ्यावर बाण काढून शिकवायचे. त्या दोन रकान्यांनंतर बाण काढायची गरज उरली नाही.

संकटाच्या घटकात १९८२ चं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण राहिलंच, विष मिसळलेल्या कॅप्सूलांनी शिकागो परिसरात सात माणसं गेली आणि कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या ते. पण त्याच्या जोडीला २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरी चॉकलेटांत अळ्या सापडल्याचं प्रकरण आणि २०१५ ची मॅगीवरची बंदी घेतली. मॅगीच्या बाबतीत जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानात. आपल्या घरात घडलेलं मुलांना लवकर कळतं. गोव्याचं म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरातला वाद घेतला: परदेशी पर्यटक घटल्याचा आलेख एका उद्योजकाने एक्सवर टाकला, तो सगळीकडे फिरला, आणि पर्यटन खात्याने आकडे चुकीचे असल्याचं सांगत पोलिसांत तक्रार केली. खात्याने काय करायला हवं होतं यावर वर्गात दोन तट पडले. आकड्याला आकड्याने, त्याच दिवशी, मूळ स्रोत दाखवून उत्तर द्यावं, पोलिसांत गेलं की आकडा बाजूला पडतो आणि तक्रारच बातमी होते, असं माझं मत आहे आणि ते मी वर्गात सांगितलं. न पटलेल्या मुलांनी लेखी उत्तरं दिली, त्यांतली दोन फार चांगली होती.

मग ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री उत्तर गोव्यातल्या हडफड्याच्या एका नाइटक्लबमध्ये आग लागली. २५ माणसं गेली, त्यांत बरेचसे तिथे राबणारे कामगार. पुढच्या तासाला मी तयार केलेलं काही शिकवलं नाही. मुलांपैकी काहींची भावंडं त्याच किनारपट्टीवर नोकरीला आहेत. आम्ही एवढंच बोललो की अशा वेळी पहिलं निवेदन कोणासाठी असतं. नातेवाईकांसाठी. कोणत्या नंबरवर फोन करायचा, कोणत्या इस्पितळात जायचं, नाव कधी जाहीर करायचं, घरच्यांना कळायच्या आधी नाव माध्यमांत जाऊ द्यायचं नाही, आणि निवेदन त्यांच्या भाषेत असायला हवं, जी कदाचित झारखंडची किंवा आसामची असेल. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हा तर जनसंपर्क नाहीच वाटत.” मी म्हटलं, याच्याइतका शुद्ध जनसंपर्क दुसरा नाही, बाय.

पेपर चार क्रेडिटचा आहे. दोन सिद्धांताचे, दोन प्रात्यक्षिकाचे, म्हणजे तीस तास वर्ग आणि साठ तास काम. उद्योगातली माणसं शिकवायला हवीत हे सगळेच म्हणतात. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे कामाच्या अनुभवावर प्राध्यापक नेमण्याची, वाट खुलीही केली. पण आम्हाला मोठ्या पदाचा प्रश्न नव्हताच, साध्या वेळेचा होता. गोव्यातलं हॉटेल क्षेत्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मान वर काढत नाही. म्हणून प्रात्यक्षिकांचा मोठा भाग आम्ही जूनच्या सत्रात घ्यायचं ठरवलं. ऑफ-सीझनला हॉटेलांतले, क्रूझवाले, कार्यक्रम करणारे लोक मोकळे असतात आणि आनंदाने येतात. पावसात भिजत येऊन एका हॉटेलच्या जनसंपर्क अधिकारी बाईंनी आपल्या खऱ्या तक्रारी, पाहुण्यांची नावं काढून, मुलांपुढे ठेवल्या आणि उत्तरं लिहायला लावली. मुलांची बहुतेक उत्तरं त्यांनी नापास केली, कारण तक्रार काय आहे हे पहिल्या ओळीत मान्यच केलेलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालेलं नाही. सहपरीक्षकांचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली द्यायचा हे अजून लटकलं आहे. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना रविवारची ग्रामसभा जमत नाही. तीन घटकांसाठी मराठीत एकही संदर्भपुस्तक सुचवता आलं नाही, म्हणून मी स्वतः टिपणं लिहायला घेतली आहेत. त्यासाठी मला खरे नमुने हवे आहेत: जुन्या कारखान्यांच्या मराठी गृहपत्रिका, पंचायतींच्या नोटिसा, देवस्थानांची आणि सहकारी पतसंस्थांची पत्रकं, छापून आलेल्या आणि न छापलेल्या प्रेसनोटा. डिचोली-सत्तरीच्या घरांत अशा फायली माळ्यावर असतात हे मला ठाऊक आहे. कोणाकडे असतील तर टाकून देऊ नका, झेरॉक्स काढून जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. पुढच्या सत्राची कृतिपत्रिका एप्रिलमध्ये लिहायची आहे. तिच्यातला पहिला नमुना पंचायतीच्या नोटिशीचा असावा, असं विभागाने ठरवलं आहे.